डब्यावरचे नाव

काल सकाळी पावणेसात वाजता, उगवत्या सूर्याच्या आणि गुलाबाच्या त्या नेहमीच्या चित्राखाली, आमच्या गावच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी जाहीर केले की केळीच्या वजनातील कटतीबद्दल, म्हणजे तोलताना कापून घेतल्या जाणाऱ्या वजनाबद्दल, निनावी लिहिणारा अखेर सापडला आहे. खाली त्या मुलाचे पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक, वडिलांचे नाव आणि तो कोणाकडे दिवाणजी आहे, हे सगळे होते. रक्तगट तेवढा राहिला होता.

सापडला कसा, तेही ऐका. तोलपावतीचा फोटो टाकताना त्याने वरचे नाव-गाव नीट खोडले होते. परंतु कोपऱ्यात त्याच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्याचे झाकण अर्धवट आले होते, आणि आपल्याकडे लग्नात मिळालेल्या प्रत्येक भांड्याप्रमाणे त्यावरही देणाऱ्याचे नाव कोरलेले होते. या महाशयांनी चष्मा कपाळावर चढवून, दोन बोटांनी ते झाकण ताणून ताणून, ‘मामांकडून सप्रेम भेट’ एवढी अक्षरे लावली आणि हे मामा कोण, त्यांची भाची कोणाकडे दिली, असा सोयरिकीचा माग काढत ते थेट त्या मुलाच्या दाराशी पोहोचले. त्याच फोटोत डब्याहून मोठ्या अक्षरांत वजनाचे आकडे होते. तिकडे मात्र त्यांची नजर गेली नाही.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मुलाची जात निघाली, बापाचे जुने कर्ज निघाले, ‘काय रे भो, तूच का तो?’ असे विचारून झाले. काटा खरा की खोटा, हे एकानेही विचारले नाही. आज त्याला ‘थोडे दिवस घरीच थांब’ असा मालकाचा निरोप आला आहे.

वर पुन्हा ‘खरे असेल तर नावानिशी लिहावे’ हा उपदेश, आणि तोही अशा माणसाचा, जो स्वतः ग्रामपंचायतीला ‘एक त्रस्त नागरिक’ या सहीने अर्ज टाकत असतो! १८४८ साली ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीतच होते. तेव्हा हे महाशय असते, तर पत्रातील विचार सोडून दौतीवरचे नाव वाचत बसले असते. महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार कळवताना अभियंता सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरले आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांना गोळी घालण्यात आली. त्या खुनामागचे कारण न्यायालयात काहीही ठरो, विश्वासाने सांगितलेले नाव फिरले ते फिरलेच. निनावी राहून मुलींना घाणेरडे लिहिणारा अवश्य शोधावा, पण तो पोलिसांनी, सूर्य-गुलाबवाल्यांनी नव्हे.

खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली दिला, आणि मला परवा शेंगदाणे मिळाले ते कोणाच्या तरी आधारकार्डाच्या झेरॉक्समध्ये. माझा नंबर विमा एजंटाला ‘चांगला माणूस आहे’ म्हणून देणारे शेजारीही याच पंथाचे.

आणि ओळख चुकली तर? १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मोबाइलवरच्या अफवेने त्यांना आधीच ओळखून ठेवले होते.

एवढे तावातावाने लिहिल्यावर एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी, कोणी टोपणनावाने माझ्या भरीत पार्टीच्या वर्णनाला ‘वांग्यापेक्षा लेखकच जास्त भाजला आहे’ असे म्हटले, तेव्हा मीही तीन रात्री जागून, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका जुळवून, समोरच्या गणिताच्या सरांवर शिक्कामोर्तब केले आणि सात महिने त्यांना नमस्कार केला नाही. तो माझा शालक निघाला, आणि हे त्याने स्वतः सांगितले तेही माझ्याच घरी भरीत-पुरी खाताना.

या मजकुरासोबत माझ्या लिहिण्याच्या टेबलाचा फोटो जोडणार होतो. बायकोने कडेचा तांब्या दाखवला. त्यावर सासऱ्यांचे नाव गावासकट आहे.