मूळ गाव : वडगाव

पुतणीचे नाव नोंदवताना वधू-वर मंडळाच्या अर्जात ‘मूळ गाव’ असा रकाना आला आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातले आमचे एरवीचे बोलके घर एकाएकी गप्प झाले. आम्ही वडगावकर, तेव्हा मूळ गाव वडगाव हे शेंबडे पोरही सांगेल. पण मावळातले, शेरी, बुद्रुक, खुर्द, की कोल्हापूरकडचे पेठ वडगाव? त्यातून बडोद्याचे नावही वडावरूनच पडलेले, इ. स. ८१२ च्या ताम्रपटात ते ‘वडपद्रक’ आहे. म्हणजे आमचे पूर्वज एका वडाखालून उठले आणि दुसऱ्या वडाखाली येऊन बसले, एवढाच काय तो आमचा लेखी इतिहास.

काकांचा कौल मावळाला होता, कारण १७७९ साली तिथे इंग्रजांनी मराठ्यांपुढे शरणागती पत्करली आणि ‘अशा वेळी आपलं कुणी तिथं नसेल, हे शक्यच नाही’ हाच त्यांचा पुरावा. आत्याची खंत वेगळी. कसायापासून वाचवलेल्या गाई कवाडातून आत घेतल्या म्हणून गायकवाड, अशी कथा बडोद्यात लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे ‘त्यांच्या आडनावात गाय आहे, कवाड आहे, पराक्रम आहे, आपल्यात नुसतं झाड!’ असे म्हणून ती उसासा टाकत असे.

घरातली कागदपत्रे चाळली, तर माझ्याच शाळेच्या दाखल्यावर ‘वडगामकर’ निघाले. गुजरातीत गावाला गाम म्हणतात, तेव्हा कारकुनाने आडनावाचेही भाषांतर करून टाकले होते. बनासकांठ्यात वडगाम नावाचा तालुकाच असल्यामुळे शेजारचे काका ‘म्हणजे तुम्ही आमचेच की!’ म्हणून पेढे घेऊन आले. पेढे आम्ही खाल्ले. खुलासा नंतर केला.

शेवटी नाशिक गाठले. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात, कोण कधी आले आणि कोणाचे क्रियाकर्म करून गेले हे त्यांत सापडते, असे ऐकले होते. गुरुजींनी लाल कापडात बांधलेली लांबट वही मांडीवर घेतली, गाठ सोडली, बोटाला थुंकी लावली आणि अत्यंत मायेने विचारले, “मूळ गाव?” मी म्हटले, “गुरुजी, तेच तर विचारायला आलोय.” त्यांनी वही तितक्याच मायेने पुन्हा बांधली.

तिथून वडगाव बुद्रुक आणि मग मावळ. चहाच्या टपरीवर एका वयस्कर गृहस्थांना आडनाव सांगताच ते हसले. “वडगावात कशाला वडगावकर सापडतोय? इथं सगळेच वडगावचे. इथं पाटील असतो, कुलकर्णी असतो, जोशी असतो. गाव सोडून परमुलखात गेला, की लोक त्याला गावाच्या नावानं ओळखतात.” म्हणजे ज्या आडनावाचा माग काढत मी आलो होतो, ते आम्हांला गाव सोडल्यावरच चिकटले होते, त्याआधीचे कोणते, हे काका, आत्या आणि दाखला या तिघांनाही ठाऊक नव्हते.

गृहस्थांनी बशीतला उरलेला चहा संपवला आणि मदत करण्याच्या तळमळीने विचारले, “बुद्रुकला चौकशी केलीत का?”

बुद्रुकच्या लोकांनीच मला मावळात पाठवले होते.