'भाजी बाजारात मिळते' म्हणणाऱ्यांसाठी

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'साठीनंतर वाफ्यात खपणं हा वेडेपणा. भाजी बाजारात मिळते, गुडघे जातात, डास होतात, गच्चीवर मातीचं ओझं होतं. त्यापेक्षा नाना-नानी पार्कात चाला.'

बाजाराचं आधी. वाशीचं एपीएमसी जवळ असताना नेरुळमधले आजोबा कोथिंबिरीच्या जुडीसाठी घाम गाळत नाहीत. हा धंदा तोट्याचा आहे हे त्यांना तुमच्याआधी कळलंय. आमच्या इमारतीतल्या काकू पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन खाली उतरतात, अळूच्या पानांमागून गोगलगायी वेचतात आणि मिठाच्या पाण्यात टाकतात. सून ओरडते, त्या ऐकत नाहीत. दोन दिवस गेल्या नाहीत तर अळूची चाळण होते. पार्कातल्या बाकाचं काही बिघडत नाही. शिवाय पडवळं जास्त झाली की त्या शेजारी वाटतात. मुलाच्या घरात राहणाऱ्या माणसाला, स्वतःचं म्हणून कुणाला काही द्यायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

चालायला कोण नको म्हणतंय? पण नेदरलँड्समध्ये शहरांत भाजीसाठी जमिनीचे छोटे तुकडे मिळतात, त्यावर 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 62 आणि त्यापुढच्या वयाचे बागवाले तुकडा नसलेल्या त्याच वयाच्या शेजाऱ्यांपेक्षा तब्येतीने आणि मनाने बरे निघाले. तरुणांत तसा फरक दिसला नाही. मुळात धडधाकट माणसंच बाग घेत असतील, ही शंका रास्त आहे. पण 'वेडेपणा' म्हणण्याइतका पुरावा तुमच्याकडेही नाही.

गुडघे? उकिडवं बसू नका. कमरेच्या उंचीचा वाफा बांधा, स्टूल ठेवा.

डेंग्यूचा डास मातीत वाढत नाही, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून, घासून, कोरड्या करायच्या. मेसेज पाठवणाऱ्यांनी आपल्या फ्रिजमागचा ट्रे आणि मनीप्लांटची बाटलीही बघावी.

गच्चीचं मात्र खरं. फूटभर ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते, आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी धरलेला वापरभार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, तेवढ्याच जागेला साधारण दीडशे किलोचा असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तिथे वाफा नकोच. कमिटीकडे कंपाउंडलगतची, डेब्रिज पडलेली पट्टी मागा.