ईसीजीतला ‘ब्लॉक’ म्हणजे नळीतला ब्लॉकेज नव्हे

‘ईसीजी नॉर्मल असेल तर हृदय ठणठणीत. रिपोर्टवर ब्लॉक लिहिलंय म्हणजे नळी तुंबली. नाडी 60 च्या खाली गेली की धोका. ठोके मागेपुढे पडले की अटॅक.’ हा मेसेज मला तिसऱ्यांदा आलाय. चारही वाक्यं ठासून लिहिलीत आणि चारही चुकीची आहेत.

पहिलं वाक्य सगळ्यात घातक. ईसीजी हा हृदयातल्या विजेचा आलेख आहे, रक्तवाहिन्यांचा फोटो नाही. तोही साधारण 10 सेकंदांचा. जिना चढताना ज्याची छाती भरून येते, त्याचा पलंगावर निवांत पडून काढलेला ईसीजी अगदी साफ येऊ शकतो. प्रत्यक्ष अटॅकमध्येही पहिला कागद कधी कधी निर्दोष दिसतो. म्हणून तर छातीत दुखत असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतात.

‘ब्लॉक’चा घोळ मात्र शब्दानेच घातलाय. कागदावरचा छोटा उंचवटा, पी लहर, म्हणजे वरच्या कप्प्यांत वीज पसरली. पुढचं टोकदार क्यूआरएस म्हणजे ती खालच्या कप्प्यांत पोचली. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, त्यामुळे छोटा चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.2 चा. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत एका मोठ्या चौकोनाहून जास्त वेळ लागला की रिपोर्टवर ‘फर्स्ट डिग्री ब्लॉक’ येतं. वीज पोचतेय, फक्त रेंगाळतेय. यात नळी तुंबल्याचा काहीच पुरावा नाही. उजव्या बंडलचा, म्हणजे उजव्या खालच्या कप्प्याकडे वीज नेणाऱ्या तंतूंचा, ब्लॉक तर एरवी धडधाकट माणसातही सापडतो. थर्ड डिग्री ब्लॉक गंभीर, त्यात वरची वीज खाली पोचतच नाही आणि बहुधा पेसमेकर लागतो. पण तोही विजेचाच बिघाड.

नाडीचं म्हणाल तर झोपेत, कसलेल्या धावपटूंत किंवा नाडी संथ करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर ती 50 च्या आसपास असणं नवलाचं नाही. हवं तर कागदावरच मोजा: लय नियमित असेल तर 300 ला क्यूआरएसच्या लागोपाठच्या दोन टोकांमधल्या मोठ्या चौकोनांच्या संख्येने भागायचं. सहा चौकोन, म्हणजे 50. चक्कर, भोवळ, दम असेल तर मात्र डॉक्टर गाठायचा.

उरले मागेपुढे पडणारे ठोके. तरुणांत श्वास घेताना ठोके जलद आणि सोडताना संथ होतात, हे निरोगीपणाचंच लक्षण. पण पी लहरी गायब आणि ठोक्यांमधल्या अंतराला काही ताळतंत्रच नाही, असं दिसलं तर ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांतली विजेची अंदाधुंदी, असू शकतं. तो अटॅक नव्हे. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाण्याची आणि लकवा होण्याची भीती असते, म्हणून अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. त्या मेसेजमध्ये लकव्याचा साधा उल्लेखही नाही.