ऊसतोडवाल्यांच्या 'लाखाच्या कमाई'च्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: समान संधी आता सगळ्यांनाच हाय, ऊसतोडवाले पाच महिन्यात लाखभर उचल घेतात, जातात बी मर्जीनंच, बाईला गड्याइतकाच पैसा मिळतो, गर्भपिशवीची ऑपरेशनं बायांनी स्वतःहून करून घेतली, अन् लेकरं शिकत नाहीत त्याला आईबाप जबाबदार. बीड, धारूर, वडवणीकडचे लोक पण हे पुढं ढकलायलेत याचं लई वाईट वाटलं.

आधी उचल. उचल म्हणजे पुढच्या कामाचे पैसे आधी घेतलेले, ते ऊस तोडूनच फेडायचे असतात. जानेवारी २०२४ मधे तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तेव्हा तो टनाला २७३ वरनं ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडपं पहाटेपासून अंधार पडेस्तोवर राबलं तर दिवसाला दीड-दोन टन होतो, म्हणजे दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. दीडशे दिवस एकही खाडा न करता इतकं तोडलं तर कुठं ८०-८५ हजार ते एक लाख दहा हजार होतात. म्हणजे लाखाची उचल फेडण्यातच आख्खा सीझन गेला, किराणा अन् दवाखान्यासाठी मधे घेतलेले पैसे परत अंगावरच. पट्टा पडल्यावर, म्हणजे सीझन संपल्यावर, बाकी राहिली की ती पुढच्या वर्षावर जाते अन् परत त्याच मुकादमाकडं, म्हणजे उचल देऊन मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडं, जावं लागतं. आगाऊ रकमेपोटी माणूस असा कामाला अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्यानं गुन्हा हाय. मग मर्जी कुठं राहिली? बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जमीन कोरडवाहू, ती पण कुणाकडं एकर-दोन एकर, कुणाकडं नाहीच, अन् दिवाळीनंतर गावात काम नसतं.

बाईला बरोबरीचा पैसा हे तर साफ खोटं. हिशोब कोयत्यावर, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बोलणी मुकादम अन् नवऱ्यात, उचल नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी करून फडात येते, ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढते, परत येऊन पुन्हा चूल. अन् एवढं करून तिच्या नावावर एक रुपया जमा होत नाही. समान कामाला समान वेतन राज्यघटनेच्या कलम ३९ मधे लिहिलंय, पण तिचं नावच जर कुठल्या वहीत नसेल तर समान वेतन मागायचं कुणाकडं?

आता ऑपरेशनं. २०१९ मधे हा विषय विधिमंडळात गाजला, विधान परिषदेच्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य विभागानं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागं एक! फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत सुट्टी घेतली तर खाड्याचे पैसे कापले जातात, अंगावरनं जायला लागलं म्हणून खाजगी दवाखान्यात गेलं की डॉक्टरनं कॅन्सरची भीती घालायची अन् पिशवी काढायला सांगायचं. त्या ऑपरेशनला परत कर्ज, ते फेडायला जास्त उचल. याला 'स्वतःहून' म्हणायला जीभ कशी रेटते?

लेकरांचं म्हणाल तर सीझन नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, तोच शाळेचा मधला काळ. धाकट्याला फडात सांभाळायला पाळणाघर नाही म्हणून थोरल्या पोरीला सोबत न्यावं लागतं अन् तिची शाळा तिथंच सुटते. राहायची सोय झाली तर आईबाप शिकवतात, म्हणून तर २०२१ मधे ऊसतोडवाल्यांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर करावी लागली. ती वसतिगृहं तालुक्याच्या गावी नुसती कागदावर न राहता दिवाळीआधी उघडली पाहिजेत.

मेसेजमधे कारखान्याचं नावच नाही. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, पण तोडणारी माणसं मात्र मुकादमाची, म्हणून पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला कारखान्यांनी टनामागं १० रुपये द्यायचे ठरलेत, पण तेवढ्यावर जबाबदारी संपत नाही. कारखान्याच्या रजिस्टरला नवरा अन् बायको दोघांची वेगळी नावं लागली पाहिजेत, तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्या खात्यावर अन् खाड्याचा दंड बंद, हे गाळपाचा परवाना देतानाच लिहून घ्यावं.