काही सेकंदांच्या क्लिपसाठी अख्खं चॅनल?

मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने एएनआय या वृत्तसंस्थेबद्दल व्हिडिओ टाकला होता, आठवत असेल. त्याचं म्हणणं, त्यांच्या काही सेकंदांच्या क्लिप वापरल्या म्हणून एएनआयने स्ट्राइक (कॉपीराइटच्या तक्रारीवरून चॅनलवर लागणारा ठपका) मारले आणि ते मागे घ्यायला ४० लाखांच्या वर रक्कम मागितली. एएनआयचं म्हणणं, फुटेज आमचं, हक्क आमचा, आणि ते बदनामीचा दावा घेऊन दिल्ली हायकोर्टात गेले, कोर्टाने त्याला व्हिडिओतला काही भाग काढायलाही लावला. कोण खरं ते कोर्ट बघेल. मला राग येतो तो ज्या नियमामुळे अशी वेळ येते त्याचा.

९० दिवसांत ३ स्ट्राइक झाले की यूट्यूब चॅनल बंद करतं. तेवढे व्हिडिओ नाही, अख्खं चॅनल, कितीतरी वर्षांचं काम. कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम वेगळा, त्यात बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे जातात पण चॅनल राहतं. स्ट्राइकसाठी कोणीतरी रीतसर तक्रार करतं. ज्याच्याकडे फुटेजचा मोठा साठा आहे त्याला तुमचे तीन जुने व्हिडिओ शोधायला कितीसा वेळ लागणार? मग तो म्हणेल ती रक्कम, कारण घासाघीस करायला तुमच्या हातात दिवसच नसतात.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, टीका, समीक्षा, चालू घडामोडींची बातमी यासाठी योग्य तेवढा भाग वापरता येतो. (१० सेकंद चालतात, ३० सेकंद चालतात असं लोक सांगतात तसं कायद्यात कुठेही नाही.) २०१३ च्या नियमांतला नियम ७५ तर सांगतो की तक्रार आली की ३६ तासांत मजकूर बंद करा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाची ऑर्डर आणली नाही तर तो परत चालू करता येतो. म्हणजे कोर्टात जायचं ते तक्रार करणाऱ्याने, आणि ते बरोबरच आहे. पण यूट्यूबची पद्धत अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यावर बेतलेली. काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रारीवर रीतसर हरकत, द्यायचं तर लातूरच्या पोराने आपलं नाव-पत्ता तक्रारदाराकडे जाऊ द्यायचा आणि वर अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य आहे असं लिहून द्यायचं. कोण देईल हो?

पायरसीची बाजू मी अजिबात घेत नाहीये. मराठी सिनेमा थिएटरला चालू असताना पूर्ण अपलोड करणाऱ्यांची चॅनल त्याच दिवशी उडाली पाहिजेत, निर्मात्याचं घर गहाण पडलेलं असतं तिकडे. पण तो आणि बातमीतले चार सेकंद दाखवून त्यावर बोलणारा, दोघांना एकच शिक्षा?

वापरणाऱ्याने कलम ५२ दाखवून हरकत घेतली की निकाल लागेपर्यंत तो स्ट्राइक मोजूच नये, आणि एका तक्रारदाराने एका आठवड्यात टाकलेल्या सगळ्या तक्रारी मिळून एकच स्ट्राइक धरावा. व्हिडिओ ठेवा बंद हवं तर, चॅनलला हात लावू नका.

तोपर्यंत कोणाला असा पैशाचा ईमेल आला तर घाबरून लगेच भरू नका. आधी वकिलाला दाखवा आणि कलम ६० पण बघायला सांगा, कॉपीराइटच्या नावाखाली विनाकारण कारवाईची धमकी देणाऱ्याविरुद्ध कोर्टात जायची सोय त्यात आहे.