यंदा सहल कुठं काढायची?

दिवाळीची सुट्टी संपली की पालकांच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच. दोन दिवसांत यादीही तयार होते. एक किल्ला, एक देवस्थान, एक समुद्रकिनारा, जमलं तर वॉटरपार्क, आणि परतीच्या वाटेवर आणखी एक देवस्थान. मी जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना पूर्ण पोस्ट वाचायची सक्ती नको. पहिली ते चौथीच्या मुलांना या सहलीतून शिकायला जवळजवळ काहीच मिळत नाही. मजा मिळते, आणि मजेसाठी ती जरूर काढावी. पण परवानगीच्या अर्जावर ‘शैक्षणिक’ असं लिहून आपण मोकळे होतो, आणि जी भेट खरोखर काही शिकवेल, जी शाळेपासून चालत किंवा एसटीनं तासाभरात होते, ती वर्षानुवर्षं राहून जाते.

सहलीचा दिवस कसा असतो ते शिक्षकांना विचारा. पहाटे चारला पोरं शाळेच्या ओट्यावर, निम्मी झोपेत. घाट लागला की लिंबू, गोळ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. पाच ठिकाणं गाठायची म्हणून किल्ल्यावर चाळीस मिनिटं, त्यातली वीस रांग लावण्यात आणि डोकी मोजण्यात. “इथं अफजलखानाला मारलं” असं कुणीतरी ओरडून सांगतं, तोवर मागची मुलं कुल्फीवाल्याकडं. परत आल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध. तो सगळ्यांचा सारखाच, कारण फळ्यावर आम्हीच मुद्दे लिहून देतो. मुलांना खरं लक्षात काय राहतं? मागच्या सीटवरच्या भेंड्या, कुणाचा डबा सांडला, ड्रायव्हरकाकांनी वाजवलेला हॉर्न. ते राहायलाच हवं. त्याच्यावर माझा राग नाही.

आता आमच्या तालुक्याकडं बघा. नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो, राज्याबाहेरचे व्यापारी तिथं माल घ्यायला येतात. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या घरचा माल तिथं जातो. मुलांनी मात्र बाजार बघितलेला असतो तो फक्त पिकअपच्या मागून. चौथीच्या मुलांना एकदा तिथं नेऊन उभं केलं की गणिताचं अर्धं पुस्तक तिथंच उलगडतं. क्रेट साधारण वीस किलोचं. २०२३ च्या जुलैत त्याच क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, हे घरोघरी माहीत आहे. मग किलोला किती? आणि पुढं काही आठवड्यांत भाव कोसळला तेव्हा किलोला किती? हा भागाकार मुलं करतात, कारण त्यातला एक आकडा बापाच्या तोंडून ऐकलेला असतो. आडत म्हणजे काय, हमाली कोण देतं, फुटका माल बाजूला काढतात त्याचं काय होतं, हे प्रश्न मी काढून दिलेले नव्हते. मुलांनीच विचारले. आडत्यांनी, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालांनी, पण कौतुकानं उत्तरं दिली, फक्त एकानं “मॅडम, हे हिशोब पोरांना नका शिकवू” म्हणून हसत टाळलं. का टाळलं, हे पोरांना लगेच कळलं.

हाच बाजार शाळेत भरवायची पद्धत आता सगळीकडं आहे. बालबाजार, आनंद मेळावा, खाऊगल्ली, नाव काहीही द्या. उपक्रम म्हणून मला तो फार आवडतो आणि तो ज्या पद्धतीनं होतो त्याचा तितकाच वैताग येतो. सरपंचांच्या हस्ते फीत कापायची, मुलींना नऊवारी नेसवायची, मुलांच्या डोक्यावर फेटे, पालकांनी आपल्याच पोराकडून दहाची जुडी पन्नासला घ्यायची आणि “सुट्टे ठेव तुला” म्हणायचं. संध्याकाळी ग्रुपवर ‘एकूण उलाढाल’ जाहीर. कुणी काय शिकलं? फोटो काढायला शिकले.

आम्ही त्यात एकच बदल केला. बाजाराइतकाच वेळ दुसऱ्या दिवशीच्या वर्गाला दिला. प्रत्येकानं वहीत तीन ओळी लिहायच्या: किती आणलं, किती खपलं, नफा किती झाला. जवळजवळ सगळ्यांनी गल्ल्यातले सगळे पैसे नफा म्हणून लिहिले. का, तर मेथी घरचीच, म्हणजे फुकटची! मग फळ्यावर मेथीचा वाफा काढला. बी कुठून आलं? विकत. खत? विकत. पाणी? मोटारीचं बिल येतं. खुरपलं कुणी? आईनं. आईची मजुरी धरायची का? इथं वर्ग फुटला. एक गट म्हणाला, आई घरचीच आहे, तिला कुठं पैसे द्यायचे. दुसऱ्या गटातली एक मुलगी म्हणाली, आई दुसऱ्याच्या रानात गेली की तिला रोजंदारी मिळते, मग आपल्या रानात ती फुकटची कशी झाली? अख्खा तास त्यात गेला. बहुतेकांचा नफा उडाला, काहींना तोटा निघाला, आणि एकाचा चेहरा पडला म्हणून मधल्या सुट्टीत त्याची समजूत काढावी लागली. परिसर अभ्यासाच्या कुठल्याही धड्यात मला असा तास मिळालेला नाही.

माझं सगळं म्हणणं यातच आलं. भेट असो की उपक्रम, त्याचं शिक्षण आदल्या आणि दुसऱ्या दिवशी होतं. मधला दिवस नुसता दिसायला भारी.

खोडदची दुर्बीण हे दुसरं उदाहरण. जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ खोडदजवळ एकवटलेल्या आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्तानं तिथं लोकांना बघायला मिळतं, तेव्हा गर्दी उसळते. आमची मुलं तबकडीखाली उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, ही तर जाळी आहे. भोकातनं सगळं निघून जाणार की!” प्रश्न शंभर नंबरी आहे. त्याचं उत्तर तिथल्या गर्दीत देता येत नाही, ते वर्गात द्यावं लागतं. आम्ही घरची चाळण आणली. रवा टाकला, खाली गेला. गोट्या टाकल्या, वर राहिल्या. आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी ही दुर्बीण पकडते, त्यांची लांबी वीतभरापासून माणसाच्या उंचीपेक्षाही जास्त असते आणि जाळीचं भोक बोटाएवढं. त्यामुळं जाळी त्यांना भिंतीसारखीच वाटते. आणि भोकं आहेत म्हणून वारा आरपार जातो, एवढं मोठं धूड हलकं राहतं, खर्च वाचतो. मोबाईलमधूनही रेडिओ लहरीच निघतात, त्यामुळं तिथं तो बंद ठेवायला का सांगतात, हेही मग आपोआप कळतं. चाळणीचं उदाहरण शास्त्रज्ञांना थोडं ढोबळ वाटेल, पण चौथीला चालतं.

तिसरी जागा नाणेघाट, आमच्याकडची जुनी व्यापारी वाट. शनिवार-रविवारी तिथं रील काढणाऱ्यांची जत्रा असते. तिथल्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेला सातवाहनांचा लेख आहे, राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा. यज्ञात काय काय दान दिलं त्याची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. आणि यादी म्हटली की आकडे आलेच. भारतातल्या सगळ्यांत जुन्या कोरीव अंकांपैकी हे अंक आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यात शून्य नाही, एकक-दशकाची घरं नाहीत. सतरा लिहायचे तर दहाची खूण आणि तिच्यापुढं सातची. आता दुसरीच्या वर्गात आम्ही काय करतो? दहा काड्यांचा गठ्ठा बांधतो आणि शेजारी सात सुट्या काड्या ठेवतो. म्हणजे पोरं जे टेबलावर मांडतात तेच त्या भिंतीवर कोरलेलं आहे. हे मुलांना दाखवायचं सोडून आपण त्यांना दीडशे किलोमीटरवर पाण्याच्या घसरगुंडीवर नेतो आणि वर म्हणतो, गणितात पोरं कच्ची आहेत. (तिथला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता असं सांगतात. पोरांना लेखापेक्षा तोच जास्त आवडतो, आणि त्यात किती नाणी मावतील हा अंदाज बांधायला लावला की दुपार संपते.)

उपक्रमांची नक्कल करायची सवय आम्हा शिक्षकांनाही आहे, सगळा दोष पालकांच्या माथी मारणार नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) शाळांचं ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायचं, हे काम गाजलं तेव्हा राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथं गेल्या. ती शिक्षकांची सहलच म्हणा. बघून आले आणि आपापल्या वर्गातल्या फरशीवर ऑइलपेंटनं सापशिडी, अंकचक्र, स्वरचिन्हांची फुलं रंगवून घेतली. मुलांनी जमिनीवर बसून गटात, आपल्या गतीनं शिकायचं आणि बाईंनी कमी बोलायचं, हा त्यातला अवघड भाग होता. तो कित्येक ठिकाणी आलाच नाही. पुढं त्या रंगीत फरशीवर बाकं मांडलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहेत.

त्याच्या उलट पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडचं बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पोरं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जायची. तर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. झाडाखाली, पानं, बिया, दगड घेऊन. आज आपण ज्याला अनुभवातून शिक्षण म्हणून गौरवतो ते तिथं गरजेपोटी झालं, आणि त्याला बस लागली नाही.

आता दुसरी बाजू. ती मला दर वर्षी भेटते. आमच्याकडं ऊसतोडीची, मजुरीची कुटुंबं आहेत. एका वडिलांनी मला तोंडावर सांगितलं, “मॅडम, तुमच्या पोरांनी समुद्र बघितलाय. माझ्या पोरानं शाळेनं नेलं तरच बघायचा.” याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि असूही नये. म्हणून मोठी सहल बंद करा असं मी म्हणतच नाही. एसटी शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, तरी जेवण, तिकिटं धरून वर्गणी होतेच, आणि ती न भरू शकणारी मुलं ‘पोट दुखतंय’ म्हणून घरी राहतात. त्यांच्यातल्या काहींचे पैसे बहुतेक शाळांत कुणीतरी शिक्षक गुपचूप भरतो. मोठी सहल चौथीत एकदाच निघाली, वर्षभर थोडे थोडे पैसे साठवून, तर कुणी मागं राहणार नाही. दर वर्षी प्रत्येक इयत्तेची कशाला?

आणि भीती. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेली पुण्याची कॉलेजची मुलं बुडाली. २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून सहलीतली १२ लहान मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. अशा प्रत्येक घटनेनंतर नियम वाढतात, आणि ते वाढायलाच हवेत. पाण्याजवळ प्राथमिकची मुलं न्यायचीच नाहीत, या मताची मी आहे, मग समुद्र लांबूनच बघावा लागला तरी चालेल. पण या भीतीनं चालत जायच्या भेटीही थांबल्या तर काय उरलं? आमच्याकडं तर बिबट्याचाही हिशोब धरावा लागतो. उसातून वाट असेल तर मी मुलांना नेत नाही, मोकळ्या रस्त्यानं, दिवस वर आल्यावर, दोन-चार पालक सोबत घेऊनच निघते.

२०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आलाय, त्या दिवशी दप्तर नाही. माझ्या मते तो शनिवार याच भेटींना द्यावा: दूध डेअरी, पोस्ट, लोहाराचा भाता, ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी. एका वेळी एकच जागा. आदल्या दिवशी मुलांचे प्रश्न फळ्यावर, सोमवारी त्यांची उत्तरं. आणि कृपा करून त्याची लिंक भरायला आणि फोटो चढवायला लावू नका, आमचा सोमवार त्यातच जातो.

ज्यांना पटत नाही त्यांनी खाली लिहा, मी वाचते. आणि एक काम आहे. चौथीच्या मुलांना नाणेघाटचा लेख भिंतीवर बोट ठेवून दाखवू शकेल असं जुन्नर-ओतूर भागात कुणी असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. फेब्रुवारी संपायच्या आत जायचंय, नंतर ऊन फार होतं.