‘एक्मो लावलं म्हणजे माणूस गेला’: हा मेसेज चुकीचा आहे

फुप्फुस प्रत्यारोपणानंतर एक्मोवर, म्हणजे फुप्फुसांचं (गरज पडल्यास हृदयाचंही) काम शरीराबाहेरून करणाऱ्या मशीनवर, ठेवलेला पेशंट मेलेलाच असतो, बिलासाठी मशीन चालवतात, असा मेसेज फिरतोय. मी परफ्युजनिस्ट आहे. हे मशीन चालवणं हेच माझं रोजचं काम. म्हणून लिहिते.

एक्मो मोठ्या शिरेतून रक्त बाहेर घेतं, कृत्रिम पडद्यावरून नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळतं, कार्बन डायऑक्साइड काढतं आणि रक्त परत देतं. फक्त फुप्फुसांना आधार हवा असेल तर रक्त शिरेतच परत जातं. तेव्हा ते शरीरभर पोचवतं पेशंटचं स्वतःचं हृदय! हृदयालाही आधार लागला तर रक्त धमनीत सोडतात. मेंदू मृत आहे का, याच्या तपासण्या एक्मोवरही करता येतात.

ऑपरेशनमध्ये एक फुप्फुस काढलं की सगळा भार दुसऱ्यावर येतो, म्हणून अनेकदा एक्मो आधीच जोडतात. नवं फुप्फुस पहिल्या 72 तासांत सुजू शकतं. ते सावरेपर्यंत मशीन ठेवतात. जून 2020 मध्ये शिकागोत कोविडमुळे फुप्फुसं निकामी झालेली तरुणी त्याआधी काही आठवडे एक्मोवर होती. दोन्ही फुप्फुसं बदलल्यावर ती घरी गेली.

धोके खरे आहेत: रक्तस्राव, गुठळ्या, संसर्ग. सगळे वाचत नाहीत. खर्चही प्रचंड असतो, त्यामुळे नातेवाइकांनी डॉक्टरांना रोज प्रश्न विचारावेत, तो त्यांचा हक्कच आहे. पण आयसीयूबाहेर बसलेल्या एखाद्या आईच्या फोनवर हा मेसेज पोचतो, तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.